उतरताना घ्या

अठ्ठावीस वर्षं मी हेच म्हणत आलो,
बर्डी ते बुटीबोरी, बुटीबोरी ते बर्डी:
"सुट्टे नाहीत. उतरताना घ्या."
तिकिटाच्या पाठीवर पेनानं आकडा लिहायचो,
दोन. तीन. कधी साडेचार.
लोक उतरायचे घाईत, झोपेत,
पोर कडेवर, पिशवी खांद्यावर,
अन् त्यांची बाकी माझ्या चामडी बॅगेत राहून जायची.

मग गुडघा गेला. मागोमाग नोकरी.
घरात मी, कूलर, त्याच्या सुकलेल्या ताट्या.
दुपारी ओढलेला पडदा
संध्याकाळी उघडायचा राहून जायचा.
बायको शाळेत खिचडी शिजवून यायची,
दिवा लावायची,
काही विचारायची नाही.

विचारलं ते दौलत गजभियेनं.
"काहून बे, मेला का तू? कळवायचं तरी."
इंदोऱ्याहून सायकल मारत आला होता भर उन्हात.
दोन गिलास पाणी प्याला,
अन् जाताना पंक्चरच्या सोल्यूशनचा रिकामा डबा ठेवून गेला,
झाकणाला छिन्नीनं पाडलेली चीर.
"नोट टाकू नको. फक्त चिल्लर.
माझा बी एक डबा चालू आहे."
कशासाठी?
"भरल्यावर सांगतो."

नाव दौलत, अन् गल्ल्यात दिवसाचे अडीचशे.
मी हसलो.
बायकोनं आतून डोकावून पाहिलं, कोण हसलं म्हणून.

पहिलं नाणं फार वाजलं.
दुधाचे उरलेले दोन,
खुंटीवरच्या खाकी शर्टाच्या खिशातले पाच.
मग घरातली चिल्लर संपली.
चिल्लर पाहिजे तर चौकात जावं लागतं,
पोहेवाल्याला दहाची नोट द्यावी लागते,
"तर्री कमी" म्हणावं लागतं, कोणाशी तरी बोलावं लागतं.
लबाडाला हे ठाऊक होतं.

चौदा एप्रिलच्या रात्री,
रस्त्यावर निळे झेंडे अजून जागे असताना,
आम्ही दोन्ही डबे पेपरावर ओतले.
बोटं विसरली नव्हती:
दहाची चळत, दहाची चळत.
दोन हजार तीनशे एकेचाळीस,
आणि एक पावली, गंजलेली, बंद झालेली.
"ही कशी आली?"
"माझ्यासारखीच," मी म्हणालो. "चालत नाही, फेकवत नाही."
दौलत म्हणाला, "तुझ्यात एक पावली कमीच होती. ठेव."

चार रांजण, लाल कापड, दोन ओगराळी.
मेडिकलच्या गेटजवळ, कडुलिंबाच्या बुडाशी.
तिथं बसलेली असतात माणसं
गडचिरोलीची, शिवनीची, बालाघाटची,
हातात फाइल, आत कोणीतरी.
सकाळचं पाणी शकील टँकरवाल्याकडून,
दुपारी शेवंता राऊत, इडलीचा ठेला बंद करून,
संध्याकाळी नर्सिंगच्या दोन पोरी, ॲप्रन न काढता.
कोणाला बोलावलं नव्हतं.
एक दिवस कोणीच आलं नाही, तेव्हा दौलत अन् मी भांडलो,
दुसऱ्या दिवशी शेवंतानं दोघांनाही झापलं.

दुपारी बारा ते चार माझी पाळी.
नवतपा लागला. डांबर चपलेला धरून ठेवायचं.
एक म्हातारी ओंजळ पुढं करून उभी राहिली.
ओगराळं तिरपं करताना
मला तिचा चेहरा ओळखीचा वाटला,
मग सगळ्यांचेच वाटू लागले.
तिनं कमरेची पिशवी उघडली: "किती झाले?"
"तुमचे निघतात माझ्याकडं, मावशी," मी म्हणालो.
"बुटीबोरीच्या गाडीत राहिले होते."
तिला काही कळलं नाही.
तिनं आणखी ओंजळ पुढं केली.

त्या दुपारी वाऱ्यानं रांजणावरचं कापड तीनदा उडवलं.
दौलतनं सुई मागितली शेवंताकडं,
कापडाच्या कोपऱ्यात पावली ठेवली,
दुमड घातली, शिवून टाकली,
दातानं दोरा तोडला.

कापड खाली बसलं.
डबा परत घरी नेलाय मी.
तळाशी सध्या तीन रुपये आहेत.